तेरा पिवळे, एक पांढरा

चैत्रगौरीपुढं, भरल्या हॉलमध्ये, कैरीची डाळ वाढता वाढता विनिता चोर ठरली. हातात डाव होता, तो हातातच राहिला.

झालं ते असं. पुण्याहून सुटीला आलेली तिची धाकटी जाऊ शर्वरी सासूबाईंना खेटून बसली होती. सासूबाईंच्या, म्हणजे रत्नप्रभाबाईंच्या कानात हिऱ्यांच्या कुड्या होत्या. मधे एक हिरा आणि भोवती सहा, अशी सात-सात खड्यांची दोन फुलं. नागपूरची राजधानी उठली, सरकारी कचेऱ्या भोपाळला आल्या, कचेऱ्यांबरोबर माणसं आली आणि माणसांबरोबर या कुड्या आल्या. हा इतिहास भोपाळच्या अयोध्या नगरातल्या प्रत्येक मराठी बाईला पाठ होता, कारण दर चैत्रात डाळ-पन्ह्याबरोबर तोही वाढला जायचा.

शर्वरीला सासूबाईंचा फोटो काढायचा होता. तिनं मोबाइलचा टॉर्च लावून त्यांच्या डाव्या कानाशी धरला आणि म्हणाली, "आई, हा खालचा एकच काय लखलखतोय बघा. बाकीचे असे पिवळट का दिसतात?"

सहज विचारलं की मुद्दाम, ते देवीला ठाऊक. पण बायकांची कुजबुज थांबली.

रत्नप्रभाबाईंनी दोन्ही कुड्या काढल्या, तळहातावर घेतल्या आणि खिडकीशी गेल्या. थंडीत त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले होते. तेव्हापासून त्या येईल त्याला सांगायच्या, मला आता मुंगीचे पाय दिसतात. त्यांनी कुड्या उजेडात इकडून फिरवल्या, तिकडून फिरवल्या. मग वळल्या.

"हे माझे हिरे नाहीत," त्या म्हणाल्या.

"अहो, नीट बघा, रत्नप्रभावहिनी," शेजारच्या गल्लीतल्या वसुधाकाकू म्हणाल्या. "वय झालं आपलं."

"डोळे नवे आहेत माझे, वसुधा." त्यांनी बोट विनितावर रोखलं नाही. तेवढी रीत त्यांना होती. फक्त तिच्याकडं बघितलं. "एक खडा पडला म्हणून अख्खा जोड दिला होता, बसवून आणायला. एक बसवला आणि तेरा काढून आणले."

विनिताला वाटलं, आता कुणीतरी हसेल आणि सगळं हसण्यावारी जाईल. कुणी हसलं नाही. रत्नप्रभाबाईंनी हात पुढं केला.

"कपाटाची किल्ली दे."

वीस-बावीस वर्षं ती किल्ली विनिताच्या कमरेला होती. तिनं डाव पातेल्यात ठेवला, हात पुसले, पिन काढली आणि किल्ली त्या हातावर ठेवली. मग परत डाव उचलला, कारण अजून सहा-सात बायकांना डाळ जायची होती. अपमान झाला म्हणून बायकांना उपाशी परत पाठवायची सोय आपल्याकडं नाही. ती वाढत गेली. प्रत्येकीनं डाळ घेतली, बरी झाली आहे म्हणाली. आणि ती जवळ आली तशी अपर्णानं, जिला विनितानं दोन बाळंतपणांत डबे पोचवले होते, जमिनीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

विनितानं पाहिलं. अपर्णानंही पाहिलं की तिनं पाहिलं.

*

आता तो पांढरा खडा आला कुठून, ते सांगायला हवं.

मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यातल्या सिस्टरनं दागिने उतरवायला सांगितले. रत्नप्रभाबाईंनी कुड्या काढून विनिताच्या रुमालात दिल्या. संध्याकाळी घरी रुमाल सोडला तर डाव्या कुडीतला खालचा एक खडा नव्हता. कधी पडला, कुठं पडला, कानातच सैल होऊन आधीच पडला होता का, कोण सांगणार. दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदू घेऊन वावरणाऱ्या बाईला आपल्या कानातला खडा गेलेला दिसला असता थोडाच. पण वाक्य ठरलेलं होतं.

"तुझ्या हातात दिली तेव्हा सात होते."

विनिता अशोका गार्डनची. बाप रेल्वे लाइनीशेजारच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करायचा. हे घर चार इमलीतल्या बंगल्यातून उतरलेलं. सासरे मोठे अधिकारी होते. रिटायर झाल्यावर बंगला गेला आणि अयोध्या नगरातलं हे डुप्लेक्स आलं, तरी रत्नप्रभाबाईंचं निम्मं बोलणं "आम्ही चार इमलीत असताना" इथूनच सुरू व्हायचं. लग्नात विनिताच्या माहेरून आलेली पैठणी त्यांनी बोटांत चोळून पाहिली होती आणि म्हणाल्या होत्या, "हलकी आहे, पण चालेल." तेव्हापासून विनितानं आणलेली प्रत्येक वस्तू हलकी आणि चालण्यासारखी होती. पडदे, कुकर, भाऊबिजेचं ताट. एकदा तर तिनं आणलेली तूरडाळसुद्धा.

म्हणून ती खडा घ्यायला न्यू मार्केटात गेली ती एक गोष्ट ठरवूनच. या वेळी हलकं म्हणायची सोय ठेवायची नाही.

दुकानातला समीर गोड बोलणारा होता, पण खोटं बोलला नाही. त्यानं समजावलं. हिऱ्याच्या रंगाला अक्षरं असतात. डी म्हणजे रंगच नाही, स्वच्छ पाणी. मग ई, एफ, जी, असं खाली खाली जावं तसा पिवळेपणा येत जातो. त्यानं पांढऱ्या कार्डाला मधे घडी घातली आणि त्या खाचेत दोन खडे पालथे ठेवले. हिरा वरून बघायचा नसतो, म्हणाला, वरून तो चमकून फसवतो. रंग बघायचा तर पालथा घालून बाजूनं बघायचा. विनितानं वाकून बघितलं. एक थेंब पाण्याचा. दुसऱ्यात कुणी लिंबू पिळून गेल्यासारखं.

मग त्यानं तिची कुडी शेजारी धरली.

"मॅडम, आपके पुराने पत्थर 'के'-'एल' के आसपास हैं. पुराने के साथ पुराना ही चलेगा. आप 'के' रंग का लीजिए, किसी को पता नहीं चलेगा."

"आणि डी बसवला तर?"

"तो अच्छा ही है, महंगा है. लेकिन फिर बाकी सब पीले दिखेंगे."

तिनं सगळं नीट ऐकलं. गणिताची मास्तरीण ती, एका खासगी शाळेत आठवी-नववीला शिकवते, ऐकलेलं तिला कळतं. आणि कळूनही ती म्हणाली, "डी द्या." कारण तिच्या डोळ्यांपुढं हिरा नव्हताच. सासूबाईंची बोटं होती, चोळून बघणारी. त्या बोटांना या वेळी काही सापडायला नको होतं. बाकीचे पिवळे दिसतील, हे ऐकून तिला आत कुठंतरी गारही वाटलं होतं. दिसू देत की.

स्वतःच्या पगारातून तिनं तो खडा घेतला. दोन दिवस कुड्यांचा जोड दुकानात राहिला. घरी आणला तेव्हा रत्नप्रभाबाईंच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा औषध जात होतं. सगळं धूसर, पाणी येतंय. त्यांनी डावी कुडी चाचपली, सात खडे मोजले, आणि म्हणाल्या, "बसला वाटतं. चालेल." विनितानं त्यांची मान मागं टेकवली आणि डोळ्यांत थेंब टाकले. पुढं महिनाभर टाकत राहिली. तेच डोळे स्वच्छ झाले आणि त्यांनी पहिलं काय बघितलं, ते बायकांनी ऐकलंच.

*

बायका गेल्यावर हॉलमध्ये घरचीच माणसं उरली. गौर झोपाळ्यात बसून होती. विनिताचा नवरा मंदार कारखान्यातून आला, त्याला शर्वरीनं हळू आवाजात सगळं सांगितलं आणि तो बूटही न काढता सोफ्यावर बसला.

मंदार मोठ्या कारखान्यात तपासणी विभागात होता. दुसऱ्याच्या वेल्डिंगमधली केसाएवढी भेग शोधून लाल शेरा मारायची त्याला सवय. घरात मात्र भिंत दुभंगली तरी तो म्हणणार, रंग देऊन घेऊ.

"जाऊ द्या ना आता," तो म्हणाला.

"काय जाऊ द्या?" विनितानं विचारलं.

"म्हणजे, आईला वाटलं. वयामुळं वाटतं."

"मला वाटलं नाही, मंदार, मला दिसलं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "सत्तर साली सासूबाईंनी माझ्या कानात घातल्या. पाण्यासारखे पांढरे हिरे होते. अख्ख्या चार इमलीत कुणाकडं नव्हते तसे."

"आई, तुम्हाला डी खडा बसवलाय मी. सगळ्यात पांढरा. त्याच्याशेजारी जुने पिवळे दिसतात. दुकानदारानं आधीच सांगितलं होतं."

"दुकानदार तुझा. तो तेच सांगणार."

"मी आपलं सहज म्हटलं होतं हं, वहिनी," शर्वरी म्हणाली. "मला काय माहीत एवढं होईल. पण लॉजिकली बघा ना, कुड्या दोन दिवस दुकानात होत्या. तुम्ही नाही, पण त्यांनी बदलले असले तर?"

ही पळवाट होती, आणि ती वाट मंदारला फार आवडली. "हेच. हेच झालं असेल. दुकानदारानं केलं. हिला काय कळणार." म्हणजे बायको चोर नाही, बावळट आहे. त्याच्या मते मिटलं.

विनितानं त्याच्याकडं बघितलं. राग कुणाचा जास्त आला, तिला ठरवता येईना. सासूनं निदान थेट आरोप तरी केला.

जुई, तिची मुलगी, जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि घरातल्या भांडणांना विटली होती. "अरे यार, सिंपल आहे," ती म्हणाली. "एम. पी. नगरात हिरे चेक करतात. विकत काहीच नाहीत, फक्त चेक करतात. कल जाऊन बघू. आजी, तू पण चल. नंतर म्हणायला नको की मम्मीनं सेटिंग केलं."

"घरातली वस्तू चार लोकांत तपासायला न्यायची?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"चार लोकांत मला चोर म्हणालात ना, आई," विनिता म्हणाली. "मग वस्तूनं काय घोडं मारलंय?"

*

तपासणीची खोली लहान, पडदे ओढलेले, टेबलावर पांढरा दिवा. श्रुती नावाची मुलगी होती, जुईपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी. चष्मा, गळ्यात भिंग. मराठी ऐकून ती मराठीत बोलू लागली, अडखळत, इंदूरकडच्या वळणानं.

तिनं पेनसारखं यंत्र एकेका खड्यावर टेकवलं. दर वेळी ते वाजलं. चौदा वेळा.

"हिरे आहेत. सगळे."

"खरे?" रत्नप्रभाबाई पुढं झुकल्या.

"खरे. जुन्या पद्धतीनं घासलेले. आता असे कुणी घासत नाही. हा एक सोडून, हा नवीन आहे."

"पण माझे हेच कशावरून? दुसरे जुने आणून बसवले असतील."

असा प्रश्न येणार हे विनिताला माहीत होतं. रात्रभर ती त्याचंच उत्तर शोधत होती आणि तिला सापडलं नव्हतं. तिनं टेबलाची कड धरली. या खोलीतून चोर म्हणून बाहेर पडलं तर मग कुठंच दाद नव्हती.

श्रुतीनं कुडी भिंगाखाली धरली आणि शेजारच्या पडद्यावर चित्र मोठं केलं. खडा दगडाएवढा दिसू लागला. "हे बघा, आजी. खड्याच्या कडेनं सोनं दाबून बसवलंय. त्या दाबाच्या फटीत हा काळा थर दिसतो? साबण, तेल, हळदकुंकू, वर्षानुवर्षांचं. दगडासारखा झालाय. खडा काढायचा तर सोनं उचलावं लागतं, आणि सोनं उचललं की हा थर तुटतो. परत असा बसवता येत नाही." तिनं एकेक खडा फिरवून दाखवला. "तेराच्या तेरा जसेच्या तसे. कुणी हात लावलेला नाही. हा एकच उघडलाय. इथं सोनं ताजं आहे."

विनितानं टेबलाची कड सोडली. बोटांवर वळ उठले होते.

"मग पिवळे का?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"पहिल्यापासूनच तसे असणार. के, एल. नक्की सांगायचं तर काढून बघावे लागतील. पिवळ्या सोन्यात बसवले, मागून बंद केले, की चांगले पांढरे दिसतात. पूर्वी घरात दिवेही पिवळे असायचे. शिवाय..." ती थांबली. "आजी, मोतीबिंदू कधी काढलात?"

"थंडीत."

"मोतीबिंदू असला की सगळंच पिवळट दिसतं. त्यात पिवळं वेगळं कळत नाही. आता कळतंय."

जुईनं आईचा हात दाबला. शर्वरी फोनमध्ये बघत होती. मंदारनं मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "चला. झालं एकदाचं. कुणाला भूक लागली आहे का?"

*

गाडीत रत्नप्रभाबाई पुढं बसल्या होत्या. व्यापमं चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्या काचेकडं बघत बोलायला लागल्या. कुणाशी, ते कळत नव्हतं.

"आम्ही दोघी सुना. मोठ्या जाऊबाई जहागीरदारांच्या. मी मास्तरची मुलगी. सासूबाईंनी दोन जोड काढले. म्हणाल्या, दोन्ही सारखेच गं, भेद नाही केला मी. मला मांडीवर बसवून कानात घातल्या. पन्नास वर्षं मी सांगत आले, भेद नाही केला."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले.

विनिता मागच्या सीटवर होती. त्या बाईच्या डोक्यावरचे पांढरे केस, तेलाची वेणी, आणि रिकामा कान तिला दिसत होता. पहिल्यांदा तिला त्या कानाची दया आली. तिला वाटलं, आता म्हणेल. आता मागं वळेल आणि म्हणेल, विनिता, चुकले मी. तेवढं म्हटलं असतं तर विनितानं सगळं पोटात घातलं असतं, किल्ली, बायका, अपर्णाची पर्स, सगळं. बाया अशाच असतात, अर्ध्या शब्दावर जन्म काढतात.

रत्नप्रभाबाई वळल्या. "तो पांढरा तू बसवलासच कशाला?"

"काय?"

"मागितला होता का मी सगळ्यात पांढरा? जुन्यात जुना शोभेल असा आणायचा. दुकानदारानं सांगितलं होतं म्हणालीस ना? तरी आणलास. दाखवायला. की बघा, माझा पांढरा आणि तुमचे पिवळे."

यात एक कण खरा होता, आणि तो कण विनिताच्या घशात अडकला. पण कणभर खऱ्यासाठी मणभर खोटं गिळायचं तिच्यानं होईना.

"हो," ती म्हणाली. "हलकं म्हणू नये म्हणून आणला. बावीस वर्षं ऐकतेय हलकं. पण चोरी केली नाही मी. त्या बायकांना बोलवा आणि तसं सांगा."

"या वयात बायका गोळा करून मी सांगू, की माझ्या सासूनं मला पिवळे दिले?"

"मला चोर म्हणताना बायका गोळाच होत्या."

"विनिता," मंदार आरशातून बघत म्हणाला, "आई आधीच दुखावली आहे. किती ताणायचं?"

"गाडी न्यू मार्केटला घ्या," ती म्हणाली.

मंदारनं घेतली. त्याला वाटलं, कुडी सारखी करून घेतील आणि प्रकरण संपेल. रत्नप्रभाबाईंनाही तेच वाटलं. त्या दुकानात गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि समीरला म्हणाल्या, "ये सफेदवाला निकालकर पुराने जैसा लगा दो. पता नहीं चलना चाहिए."

समीरनं एकदा विनिताकडं बघितलं. मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. माणूस समजूतदार होता. "निकाल देता हूँ, माताजी. पर पुराना कट ढूँढना पड़ेगा. टाइम लगेगा."

कारागिरानं वरच्या माळ्यावर खडा काढला. कागदाच्या पुडीत घालून समीरनं तो काउंटरवर ठेवला. रत्नप्रभाबाईंचा हात पुढं आला, सवयीनं. त्याच्याआधी विनितानं पुडी उचलली आणि पर्समध्ये टाकली.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "तेरा तुमचे, ते तुमच्याकडं आहेत. बरोबर झालं."

*

अक्षय्य तृतीयेला वसुधाकाकूंकडं हळदीकुंकू होतं. चैत्रगौरीचं ते शेवटचं, आणि त्याला सगळ्या यायच्या. शर्वरी तोवर पुण्याला गेली होती. जुना खडा मिळाला नव्हता. कुड्या न घालता जावं तर बायका म्हणणार, गेल्या वाटतं, आणि घालाव्या तर डाव्या फुलाला खाली भोक. रत्नप्रभाबाईंनी घातल्या आणि डाव्या कानावरून पदर घेतला. वैशाखाच्या तोंडावर, घामाच्या धारा लागलेल्या असताना, डोक्यावरून पदर. विनितानं तो बघितला आणि बरोबर गेली. घरी राहिली असती तर तोंड लपवलं असं झालं असतं.

त्याच बायका. तीच डाळ, फक्त वसुधाकाकूंच्या हातची, साखर जास्त. विनिता कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. तिच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली, आणि अपर्णा सतरंजीवर बसली, पर्स मांडीवर घेऊन.

वसुधाकाकूंना राहवेना. अत्तर लावता लावता त्यांनी विचारलंच, "रत्नप्रभावहिनी, त्या हिऱ्यांचं काय झालं हो?"

सगळ्या बायका एकदम दुसरीकडं बघायला लागल्या, म्हणजे सगळ्या ऐकायला लागल्या.

रत्नप्रभाबाईंनी पदर सारखा केला. "मिटलं ते."

"मिटलं म्हणजे?"

"घरातल्या घरात मिटलं. कशाला आता उगाळायचं."

दोन-तीन माना समजुतीनं हलल्या. मोठ्या मनाची सासू. सुनेनं केलं, हिनं पोटात घातलं. विनिताला त्या माना मोजता आल्या. चोर म्हटल्याचं एवढं लागलं नव्हतं. तेव्हा निदान भांडता येत होतं. आता तिला माफ करण्यात आलं होतं, न केलेल्या गोष्टीसाठी, आणि माफीला उत्तर द्यायचं नसतं असं या बायकांचं जग सांगत होतं.

ती उठली. वसुधाकाकूंच्या टेबलावर हरभऱ्यांच्या ताटाशेजारी कागदी रुमालांची चळत होती. तिनं एक पांढरा रुमाल घेतला, मधे घडी घातली, पर्समधून पुडी काढली आणि खडा त्या खाचेत पालथा ठेवला.

"हा मी आणलेला," ती म्हणाली. आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "आता आईंचे शेजारी ठेवून बघा. आई, पदर काढा."

"विनिता, बस खाली."

"मिटलं असेल तर दाखवायला काय हरकत आहे? नाहीतर मी सांगते तपासणाऱ्या मुलीनं काय सांगितलं ते. तुम्ही सांगणार की मी सांगू?"

कुणीतरी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. रत्नप्रभाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. त्या नव्या डोळ्यांत काय होतं ते विनिताला पूर्ण दिसलं, कारण ते डोळे तिनंच थेंब घालून स्वच्छ केले होते. घाबरलेली मास्तरची मुलगी होती तिथं. विनिताची मान क्षणभर खाली झुकली, पण ती टेबलापासून हलली नाही.

रत्नप्रभाबाईंनी पदर मागं टाकला. डावी कुडी काढली, भोकासकट, आणि रुमालावर आपटल्यासारखी ठेवली.

"घ्या, बघा सगळ्याजणी," त्या म्हणाल्या. "तिनं काही चोरलं नाही. माझेच पिवळे होते. पहिल्यापासून पिवळे होते. सासूनं पिवळे दिले आणि मी पन्नास वर्षं पांढरे म्हणून मिरवले. तपासून आणलं आम्ही." मग विनिताकडं वळून, खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या, "झालं समाधान?"

विनितानं रुमाल बायकांपुढं सरकवला. समाधान झालं नव्हतं. पण काम झालं होतं.

बायका टेबलाभोवती आल्या. वसुधाकाकूंनी चष्मा वर केला. "अगं बाई, खरंच की. आणि मला तर वरून सारखेच वाटले असते." एक जण म्हणाली, आमच्या आईच्याही आता बघायला हव्यात. दुसरी म्हणाली, नकोच बघायला. अपर्णा सगळ्यांत शेवटी आली. तिनं खड्यांकडं बघितलंच नाही. परत जाताना पर्स सतरंजीवर ठेवली, विनिताच्या पायांजवळ. सॉरी म्हणायची तिची ती पद्धत असेल. विनितानं पाय बाजूला घेतला.

*

त्या दिवसापासून रत्नप्रभाबाई विनिताशी कामापुरतं बोलतात. कुड्या त्यांनी उतरवून ठेवल्या. समीरचा फोन आला होता, जुना खडा मिळाला म्हणून. त्यांनी नको म्हणून सांगितलं. मंदार म्हणतो, तू जिंकलीस पण काय मिळवलंस. तो हे इतक्या थकलेल्या आवाजात म्हणतो की जणू सगळं ओझं त्यानंच वाहिलं. जुईनं सरळ सांगून टाकलंय की आजीच्या कुड्या मला नकोत, मम्मीचाही खडा नको, मला कानात काही घालायचंच नाही.

किल्ली मात्र परत आली. रत्नप्रभाबाईंनी एका दुपारी ती हॉलमधल्या टीपॉयवर ठेवली आणि विनिताकडं न बघता म्हणाल्या, "घेऊन ठेव."

"राहू दे तिथंच," विनिता म्हणाली.

"कुणी नेली तर?"

"मग बघू, कुणाचं नाव घेता ते."

रत्नप्रभाबाई आत निघून गेल्या. किल्ली अजून टीपॉयवरच आहे. कपाटातलं काही हवं असलं की ज्याला हवं तो उघडतो आणि किल्ली परत तिथंच ठेवतो. सकाळी शाळेत जायच्या आधी विनिता टीपॉय पुसते. फडकं किल्लीपर्यंत आलं की ती ते किल्लीच्या कडेनं फिरवते, किल्ली उचलत नाही.